बुटक्याच्या दगडावरचा मजकूर

किल्ल्याच्या भिंतीखालच्या गटारातून सरपटत जाऊन ज्यानं आतून दरवाजा उघडला, त्या शिपायाला सगळा देश बुटक्या म्हणून ओळखायचा. स्वातंत्र्याच्या लढाईत मोठमोठे सेनापती बाहेर तोफा लावून बसले आणि काम केलं साडेचार फुटांच्या माणसानं. त्याच्यावर गाणी झाली, शाळेत धडा लागला. पण गाण्यावर काही निजता येत नाही. म्हातारपणी बुटक्याला खाट हवी होती, ती मिळाली नाही.

लेकीनं त्याला पाठुंगळी घेऊन सैनिकांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या मोठ्या साहेबांनी अर्ज न वाचताच, तिला मोठ्यानं ऐकवत शेरा मारला, 'सैनिक असल्याचा पुरावा नाही. खाट देता येत नाही.' भिंतीवर बुटक्याचंच चित्र टांगलं होतं. त्या चित्राखालच्या बाकावर तो तीन दिवस खोकत बसला आणि चौथ्या दिवशी गेला.

अकरा वर्षांनी तेच साहेब लेकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. आता ते निवृत्त होऊन बुटक्याच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले होते. ती दगडावर अक्षरं कोरायची, आणि या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. साहेबांनी तिला ओळखलं नाही. बाकावरच्या माणसांकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. तिनं मात्र त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मजकूर तुम्हीच जुळवा, बाई," साहेब म्हणाले. "शौर्य वगैरे येऊ द्या. माझं नाव तेवढं ठळक हवं. उद्घाटनाला मीच मोठ्यानं वाचणार आहे."

"ठळकच येईल, साहेब. कुणाच्या बापाला पुसता येणार नाही असं."

तिच्या कामाचा एक नियम होता. आधी सगळा मजकूर कागदावर, त्याखाली गिऱ्हाइकाची सही, मगच दगडाला छिन्नी. तिनं मजकूर लिहिला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून तिच्या कानाशी जाऊन वाचून दाखवला.

"त्यानं सहीआधी वाचलं तर?" आईनं विचारलं.

"वाचलं तर सुटला. बाबांना त्यानं तेवढीही संधी दिली नव्हती."

ती कागद घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेली. "नीट वाचून घ्या. नंतर बदल होत नाही."

"त्यात वाचायचं काय? माझं नाव कुठंय?"

तिनं बोट ठेवलं. साहेबांनी नाव पाहिलं, अक्षर आवडल्याचं सांगितलं आणि पेन उघडलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला ती काही त्यांची आई नव्हती. सही झाली.

सतरा दिवस ती कोरत होती. तिला सूड हवा होता आणि तो चारचौघांत हवा होता. रात्री हात ठणकायचे, तरी झोप मात्र छान लागायची. दगड बसवून त्यावर कापड तिनं स्वतःच्या हातानं बांधलं.

उद्घाटनाला मैदान भरलं. आई पहिल्या रांगेत होती. कापड ओढलं गेलं आणि साहेब माइकसमोर घसा खाकरून वाचू लागले.

"या वीरानं गटारातून जाऊन किल्ल्याचा दरवाजा उघडला. म्हातारपणी सैनिकांच्या दवाखान्याचा दरवाजा मात्र त्याच्यासाठी उघडला नाही. आपल्याच चित्राखालच्या बाकावर तो मेला. त्याला खाट नाकारणारे..."

पुढे त्यांचं नाव होतं. ठळक. साहेब तिथंच थांबले. त्यांनी वळून पाहिलं. ती सहीचा कागद हातात धरून शेजारीच उभी होती.

"मी त्याची मुलगी," ती म्हणाली. "नाव वाचायचं राहिलं, साहेब."

साहेब पायरीकडे सरकले, पण पायरीवर माणसं उभी होती आणि एकही जण बाजूला झाला नाही.

"माझी आई पुढेच बसलीये," ती म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं. पहिल्यापासून वाचा. जरा मोठ्यानं."

म्हातारीनं खुर्ची पुढे ओढली आणि कानामागे हात धरला. साहेबांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. या खेपेला त्यांनी नावही वाचलं.