भिंतीकडे तोंड केलेलं पान

मी पान बोलतोय. हिरवागार, टवटवीत, झाडाला मात्र कधीच लागलेलो नाही. छापखान्यात माझी हजारो भावंडं धडाधड बाहेर पडली आणि मी एका क्रीमच्या डबीवर, 'सेंद्रिय' या शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसलो. तेव्हापासून माझा रुबाब काय विचारता!

दुकानात लोक मला बघून विरघळायचे. डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, पण तिकडे बघतो कोण? एक नवी सून आली, मला पाहून हसली आणि तिने डबी थेट पिशवीत टाकली.

तिच्या सासूबाई शाळेत शिक्षिका, त्याही कडक. त्याच आठवड्यात निवृत्त होणार होत्या. निरोपाचा समारंभ, अख्ख्या शाळेबरोबर फोटो. सुनेने त्यांना दिलेली ही पहिलीच भेट. सासूबाईंनी माझं कौतुक केलं आणि गालांवर क्रीम चांगलं थापलं.

सकाळी गाल लालबुंद, नुसती आग आग! सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. हिने मुद्दाम केलं, असं यांना वाटलं तर? माझी तर बोबडीच वळली.

दोघी डबी घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी डबी फिरवून मागचं वाचलं. तेल सेंद्रिय होतं, त्यात खोट नव्हती. बाकी पाणी, मेण, क्रीम खराब होऊ नये म्हणून घातलेलं काहीबाही आणि फुलांचा सुवासिक अर्क. तो अर्कच बाधला असावा, असं त्या म्हणाल्या.

"पण यावर सेंद्रिय लिहिलंय ना?" सून रडवेली झाली.

"सेंद्रिय म्हणजे रोप कसं वाढवलं, एवढंच. तुमच्या गालाशी त्याचं पटेल का, हे त्यात येत नाही. अहो, खाजकुइलीला कोण रासायनिक खत घालतं? तीही सेंद्रियच!"

सासूबाईंना हसू आवरेना. सून मात्र मान खाली घालून उभी. तिची हनुवटी वर करत त्या म्हणाल्या, "अगं, पान बघून मीही भाळलेच की. जन्मभर पोरांना 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून ओरडले आणि स्वतः डबी नाही वाचली."

फोटोत सासूबाई टोमॅटोसारख्या लाल दिसतात. शेजारी सून, त्यांनीच हाताला धरून ओढून आणलेली.

आता हे क्रीम सासऱ्यांच्या टाचांना लागतं. सासूबाईंनी आधी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहिली, मगच त्यांना परवानगी मिळाली. छान मानवलंय. मी न्हाणीघरातल्या फळीवर असतो, पण सासूबाईंनी डबी फिरवून ठेवलीय. बारीक अक्षरं पुढे आणि मी भिंतीकडे तोंड करून, वर्गातल्या वांड पोरासारखा.

तशी शिक्षा रास्तच आहे. मी खोटं नव्हतो बोललो, पण अर्धंच बोललो होतो. तेव्हा बाबांनो, माझ्याकडे बघून खुशाल हसा, फक्त डबी तेवढी फिरवून बघत जा.

परवा घरात नवा साबण आला. सासूबाईंना चष्मा सापडेना. वेष्टण सुनेच्या हातात देत त्या म्हणाल्या, "तूच वाच गं. तुझ्यावर माझा विश्वास आहे, त्या पानावर नाही."

लागलं मला जरा. पण भिंतीकडे बघत मी हसलोसुद्धा.