ताटं धुवून होईपर्यंत

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि घरातही त्यांचा कडक नियम होता. रविवारी जेवताना ते एक प्रश्न टाकणार आणि ताटं धुवून होईपर्यंत कोणी मोबाइलला हात लावायचा नाही. चुकलात तरी चालेल, पण स्वतःचं डोकं चालवा! चाळिशी उलटली तरी मी दर रविवारी त्यांच्याकडून हरायला माहेरी जायचे.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, गरम पाणी ओतताना थंड पाण्यापेक्षा वेगळा आवाज का येतो? मी दोन पातेली घेऊन ओतत बसले. बाबा हात धुवायला गेले आणि उत्तर घेऊनच आले. मला शंका आली. बेसिनपाशी जाऊन बघते, तर साबणाशेजारी त्यांचा मोबाइल आणि त्यावर तेच उत्तर, शब्दन्‌शब्द.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, आम्हाला उपास घडवून तुम्ही चोरून खात होतात?"

ते ताट घासायला लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी नुसतं उत्तर ताडून बघायचो गं. आता प्रश्नही सुचत नाहीत. दोन वर्षं तेसुद्धा त्यातूनच काढतोय."