शिरोलीच्या पाटीवरचा ‘स्पेशल’

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. हुद्दा विशेषणाचा, म्हणजे नामाच्या पुढे काठी आपटत चालणारा चोपदार. नाव ‘स्पेशल’. माझे मूळ लॅटिन भाषेतले. तिथे माझा अर्थ होता ‘एका ठरावीक प्रकारचा, सगळ्यांसारखा नसलेला’. फ्रान्समार्गे मी इंग्लंडात गेलो. तिथे लोक मला बेताने वापरत. मग कोल्हापुरात आलो आणि माझी चैनच सुरू झाली!

१९९८ साली शिरोली एमआयडीसीत आकाराम पेंटरने मला लालभडक रंगवले : ‘स्पेशल मिसळ’. हॉटेल रुद्रय्याचे आणि त्याच्या बायकोचे, दानेश्वरीचे. काय थाट होता! फाउंड्रीतले कामगार मला वाचूनच आत शिरायचे.

समोरच्या हॉटेलवाल्याने लगेच ‘डबल स्पेशल’ लावले. रुद्रय्याने ‘महास्पेशल’ केले. पाटी बदलली की दोघेही कटात, म्हणजे मिसळीच्या झणझणीत रश्शात, मूठभर चटणी वाढवायचे. त्यात रुद्रय्याची मूठ जरा मोठी. शेवटी त्याच्या कटाची वाफ लागून भिंतीवरची पाल समोर राहायला गेली. तिच्या मागोमाग गिऱ्हाईकही गेले. हॉटेल बंद करून गावी परतायचे ठरले. चटणी मी टाकली नव्हती, पण पाटीवर मीच होतो ना!

तेवढ्यात फाउंड्रीच्या भट्टीवरचा पिराजी घामाने निथळत आला.

“वैनी, साधी मिसळ हाय का?”

“साधी?” रुद्रय्या दुखावला. “आमच्यात सगळं स्पेशलच असतंय, पावणं.”

“आरं, सकाळधरनं भट्टीम्होरं उभा हाय. हितं येऊन परत भट्टीच खाऊ व्हय?”

“बसा की, करून देतो,” म्हणत दानेश्वरीने कटाचे पातेले बाजूला सारले. मटकी, बेताचा रस्सा, वर दही. पिराजीने ताटली अशी पुसली की विसळायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट दारात! रुद्रय्याने आकारामला धावत आणले.

“जुनं सगळं पूस. ‘साधी मिसळ’ लिव!”

ब्रश माझ्यावर आला. संपलोच मी!

“नुसतं साधी?” आकाराम थबकला. “लोकं म्हंतील, पेंटरला कामच येत न्हाय.”

त्याने फक्त ‘महा’ पुसले, मला तसेच ठेवले आणि पुढे लिहिले : ‘स्पेशल साधी मिसळ’.

मित्रांनो, मी हरखलो! अख्ख्या नाक्यावर तशी मिसळ दुसरीकडे नव्हती. रोम सोडल्यापासून पहिल्यांदाच मी आणि माझा अर्थ एका पाटीवर आलो होतो.

तेव्हा मला जरूर वापरा, पण आधी वस्तू चाखून बघा. आणि चाखायची असेल तर घाई करा. समोरच्याकडे आकाराम शिडी लावून ‘डबल साधी’ रंगवतो आहे.