दूर-अतिनील किरण आणि माझे दोन शब्द

माझी लेक लवीना बंगळुरूला खगोलशास्त्रज्ञ आहे आणि ती नेमकं काय करते हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही. इथे कतारमध्ये, लुसैलच्या आमच्या ऑफिसात मात्र मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की फेलिक्सची पोरगी उपग्रह सोडते. ती सोडत नाही, एवढं मला ठाऊक आहे. घरी विचारायची आता लाज वाटते. म्हणून ती आठवडाभर दोह्याला आली तेव्हा मी मराठी मंडळात तिचं व्याख्यान ठेवायला लावलं. चारचौघांत बसून गुपचूप समजून घेऊ, असा बेत होता.

अल अझीझियातल्या एका शाळेचा हॉल पाच ते सात मिळाला. सातच्या ठोक्याला वॉचमन दिवे घालवणार होता. विषय होता दूर-अतिनील किरणांतून लागलेले अवकाशातले शोध. लवीनाने चाळीस मिनिटांचं भाषण मराठीतून घोटून घोटून तयार केलं होतं.

पाचचा कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला, ही आपली रीतच. अध्यक्ष वसंतरावांनी पाहुणीचा परिचय करून देता देता स्वतःचाच करून दिला. मग प्रायोजकांना शाली झाल्या, सुहासिनीबाईंचं स्वागतगीत सगळ्या कडव्यांसकट झालं. साडेसहाला लवीना उभी राहिली. हे किरण पृथ्वीची हवा अडवून धरते, म्हणून दुर्बीण थेट अवकाशात न्यावी लागते, असं ती म्हणाली आणि मला ते चक्क समजलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. त्या दुर्बिणींना आपल्या आकाशगंगेभोवती काय सापडलं ते ती सांगणार, तेवढ्यात वसंतरावांनी माईक घेतला. विषय रंगात आलाच आहे, तर अशी लेक घडवणाऱ्या बापानेही दोन शब्द बोलावेत, म्हणाले.

मी नको म्हणायला हवं होतं. पण माईक हातात आला आणि मी वसईच्या केळीच्या वाडीपासून सुरुवात केली. तिचे दहावीचे मार्क झाले, माझा पहिला व्हिसा झाला. टाळ्या पडत होत्या, मला काही थांबवेना. शेवटी वॉचमनने दिवे घालवले आणि आभारप्रदर्शन अंधारात झालं.

गाडीत बसल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लवीना, काय सापडलं ते सांग ना."

"खरंच ऐकणार, पप्पा?" तिचा चेहरा खुलला. तिने लॅपटॉप मांडीवर उघडला. "हे बघा, लाखो अंश तापलेला वायू, आपल्या आकाशगंगेच्या चहूबाजूंनी..."

माझा फोन वाजला. वसंतराव होते. भाषण काय रंगलं तुमचं, म्हणत होते. मी म्हटलं, कसचं कसचं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलाल का, त्यांनी विचारलं. कुठल्या विषयावर, यावर आमचं बराच वेळ चाललं.

फोन ठेवला तेव्हा लॅपटॉप बॅगेत गेला होता.

"हां, कुठे होतो आपण?" मी विचारलं.

"खलास, पप्पा," ती म्हणाली. "घरी चला. सकाळी माझी फ्लाइट आहे."