राळेचा खडा

खिडकीच्या कठड्यावर, सुंदराच्या दुधाच्या बाटलीला अगदी चिकटून, तो पिवळा खडा – खडीसाखरेएवढा, खडीसाखरेसारखाच आतून उजेड धरणारा, आणि एका कडेला दोन ठिकाणी बारीक खरवडलेला... व्हॅनच्या पट्ट्यावर घासल्याची खूण की दातांची? वर्षाने पोरीला ओढून घेतलं, गालात बोट घालून जीभ, टाळू, खालचे चार दात सगळं चाचपलं. सुंदरा रडली, बोटाला चावली. तोंडात पोळीचा लगदा होता, बाकी काही नाही. म्हणजे पट्ट्याचीच. म्हणजे या वेळी पट्ट्याचीच. राळेचा खडा दुधाच्या बाटलीशेजारी ठेवणारा माणूस बाहेर गल्लीत व्हॅन चालू करत होता, आणि व्हॅन किंचाळत होती.

"ओ सुपडू नाना," समोरच्या ओट्यावरून उषाबाईंचा आवाज, "गाडी चालू करी राहिनात का डुक्कर कापी राहिनात?"

गल्ली हसली. सासरे हसले नाहीत, चिडले नाहीत, वळलेसुद्धा नाहीत. सीट उचलून खाली वाकलेले तसेच वाकलेले राहिले.

चाळीस वर्षं लिंबायतच्या लूमवर, यंत्रमागांचे पट्टे सांभाळले म्हणे. पट्टा घसरला की राळ घासायची, चिरला की टाके घालून पुढे चालवायचा – तेच ज्ञान आता या अठरा वर्षांच्या व्हॅनला. राळ लावली की दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी दुप्पट. हे तिसऱ्यांदा चाललंय. आणि उद्या पहाटे साक्रीकडे लग्नाला निघायचं, कोंडाईबारीच्या घाटातून, या उन्हात. हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. तो तुटला की पाणी थांबेल आणि इंजिन उकळेल. इंजिन कुठे आहे – पुढच्या सीटखाली. म्हणजे माझ्याखाली. माझ्या मांडीवर सुंदरा, खाली उकळतं पाणी, मध्ये एक फाटकं रेक्झिन... हे मी गजेंद्रला सांगितलं तेव्हा तो बूट घालत होता. "तुझ्या तोंडून कधी चांगलं निघतं का गं? नानांना कळतं," एवढं बोलून नवरा मार्केटला गेला.

नानांना कळतं. बी.एस्सी. फिजिक्सला घर्षणावर सोळा मार्कांचा प्रश्न सोडवला होता तिने, पण नानांना कळतं. आणि फिजिक्सचंही राहू दे... वडिलांची पिठाची गिरणी होती, तिथे ती पट्ट्याच्या आवाजावर अभ्यास करायची. ज्या दिवशी तो तुटला, सपकन भिंतीवर आदळून आईच्या दंडाची सालटी काढून गेला, त्या दिवशी सकाळपासून तो अजिबात ओरडला नव्हता.

दुपारी नाना आडवे झाले. सुंदरा झोळीत. खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढताना वर्षाला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला – माझ्या मुलीच्या जिवासाठी मी यांच्या खिशात हात घालायचा! दार उघडं ठेवलं, झोळी दिसत राहील असं. सीट उचलली. गिअर न्यूट्रलला आहे ना ते दोनदा पाहून चालू केली. किंचाळी. फोनवर पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं – पट्ट्यावर थोडं पाणी सोडा. आवाज दबून परत आला तर चाकं एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा सैल. तिने लांबूनच बाटलीतलं पाणी सोडलं. आवाज वाढला, असा की दाढा शिवशिवल्या. झोळी हलली नाही.

बंद करून तिने अंगठ्याने पट्टा दाबला. बोटभर खाली गेला. आतली बाजू राळेने काचेसारखी चकाकत होती, आणि उलटून पाहिली तर आडव्या भेगा, एकाशेजारी एक, कंगव्याच्या दातांसारख्या. तिने डायनामोचा बोल्ट सैल केला, सळई अडकवून डायनामो मागे रेटला, पट्टा ताणला – अजून, अजून थोडा, दंड थरथरेपर्यंत – आणि बोल्ट आवळला. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"कोनले इचारीन हात लावा?"

नाना बनियनवर, दारात.

"सैल होता नाना. आणि आतून भेगाळलाय. नवाच टाकायला हवा, आजच."

"भेगा! भेगा पडेल पट्टा मी चार-चार वरीस चालाडात. तुटना तं लूम उभा राहस, कोनी मरत नही."

"हा लूम नाही ना पण."

"शिकेल सून शे बा," ते गल्लीकडे पाहून म्हणाले. गल्लीत कोणी नव्हतं. मग वाकून त्यांनी आपला अंगठा पट्ट्यावर ठेवला, नुसता ठेवला, नाडी पाहावी तसा. "गैरा ताना तू. बेरिंग खाई जाई."

ते खरं होतं, फाजील ताणला होता. अंगठ्याखाली पट्टा तारेसारखा लागतो हे तिलाही कळलं होतं. त्यांच्या अंगठ्याला खरं कळावं हे तिला सहन होईना.

"चालू कर."

तिने किल्ली फिरवली. व्हॅन नुसती घरघरली. नाना इंजिनकडे पाहत नव्हते – तिच्या तोंडाकडे पाहत होते, डोळे बारीक करून, आणि ते पाहणं तिला ओळखीचं वाटलं: टीव्हीसमोर बसून ते असेच सगळ्यांची तोंडं पाहतात, कोणी हसलं की हसतात.

"व्हयना का बंद?"

त्यांना ऐकूच येत नाही. ती किंचाळी त्यांनी कधी ऐकलीच नाही. लूमने त्यांच्या कानातली ती वरची पट्टीच खाऊन टाकलीय. लोक हसतात म्हणून ते राळ घासतात. एका क्षणात सगळं तिच्या हातात आलं. नाही, अजून ओरडतोय, आणखी वाईट... एवढंच म्हटलं तर हा म्हातारा घाबरून आत्ता मिस्त्रीकडे जाईल, नवा पट्टा टाकून आणील.

"झाला बंद," ती म्हणाली. माझ्या हाताने बंद झालेला आवाज चालू आहे असं मी का म्हणायचं?

"मंग!" त्यांचा चेहरा उजळला. "मनी राय शे ती. पचाले येळ लागस." म्हणजे आवाज त्यांच्या राळेने घालवला.

संध्याकाळी गजेंद्र आला, व्हॅन चालू करून पाहिली, "वा नाना, गेला की आवाज!" आणि नानांनी नुसता राळेचा खडा वर करून दाखवला. समोरून उषाबाई म्हणाल्या, "डुक्कर मरनं एकदाचं." सगळे हसले. वर्षा दारात, मनगटापर्यंत पीठ. सांगायचं होतं – भेगा आहेत, मी मोजल्यात, सव्वीस. मिस्त्रीचं दुकान अजून उघडं असेल. बेरिंगची अगदी खालची, जाड गुणगुणही तिला ऐकू येत होती, ती मात्र नानांनाही येत असणार. दोघांनी एकदाच एकमेकांकडे पाहिलं. मग नानांनी खडा खिशात टाकला आणि ती कणकेकडे वळली.

कणीक तिंबताना डोळ्यांपुढे घाट आला. तिसरं वळण, वाफ, रस्त्याकडेला उभी व्हॅन. गजेंद्र सीट उचलतोय, तुटलेला पट्टा हातात घेऊन तोंड फिरवतोय. नाना खाली मान घालून, तो खडा खिशात चाचपत, आणि आता त्यांना कोणाच्याच तोंडाकडे पाहवत नाही. ती काही बोलत नाहीये, बोलायची गरजच नाही... किती स्वच्छ दिसत होतं सगळं, दगडांवरचं ऊनसुद्धा. कणीक केव्हाच मऊ झाली होती आणि तिचे हात थांबत नव्हते. ते चित्र तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. आपल्या मांडीवर कोण आहे, हे तिला दुसऱ्या खेपेला दिसलं.