विसण

माझ्या पोटात माझ्या आईची किडनी आहे आणि तिला मी कुणाला धक्का लावू देणार नाही. डॉक्टरांनाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची भांडणं कशापायी झाली ते विचारायला नको.

किडनी बसवून वर्ष होत आलं होतं. बरी चालली होती. मग जुलाब सुरू झाले आणि थांबेचनात. आठवडे गेले, अंगावरचे कपडे ढगळ झाले, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वर सरकायला लागलं, म्हणजे किडनी थकत चालली होती. शौचाची तपासणी पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी एकच उत्तर आलं, काही आढळलं नाही. झालं! तेवढ्यावर पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीनं ठरवून टाकलं की मी चोरून बाहेरचं खाते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझा नवरा शिवमही त्यातलाच.

"खरं सांग दीपे, टीव्ही सेंटरच्या चौकात पाणीपुरी खाल्ली ना? घरात सगळे तेच खातात, तुला तर पाणीही उकळून मिळतं, मग तुलाच का?"

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. 'तुलाच का' याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग होता.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाले, "तुमच्या एका गोळीनंही असं होतं. ती बंद करून बघू."

ती गोळी माझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. ती नसली तर माझंच अंग आईच्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठेल. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"कारण सापडल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असलं मला चालणार नाही. ती किडनी माझ्या मायनं दिलीय."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी उठली. मनस्विनी तिचं नाव. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या लोकांना कुठले एकपेशीय परजीवी गाठतात, यावर ती संशोधन करत होती.

"सर, नेहमीच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दिसत नाही. त्याला वेगळा रंग द्यावा लागतो. मी करून बघू?"

डॉक्टरांनी माझा कागद तिच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत थांबतो. पण क्रिएटिनिन आणखी वाढलं, तर माझं ऐकायचं."

मी मान डोलावली. घरी येताना रिक्षात मला घाम फुटला होता. हट्टापायी मीच किडनी घालवली तर?

मनस्विनीनं फोन करून बोलावलं आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. निळ्या जमिनीवर गुलाबी ठिपके होते, मोहरीसारखे गोल. एवढेसे ते, आणि त्यांनी मला लोळवलं होतं.

"धडधाकट माणसाला हा झाला तर चार दिवस जुलाब होतात आणि बरं वाटतं," ती म्हणाली. "तुमच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. याच्यावर हुकमी औषध नाही ताई. पण जे आहे ते सुरू करता येईल, आणि गोळी एकदम बंद न करता बेतानं सांभाळता येईल."

मी रडले नाही. मोबाइलनं त्या ठिपक्यांचा फोटो काढला आणि शिवमला पाठवला. खाली लिहिलं, 'ही बघ माझी पाणीपुरी.'

औषध सुरू झालं. पण हा जंतू आला कुठून ते कळलं नाही, तर पुन्हा येणार, म्हणून मनस्विनी आमच्या घरी आली. नळाला पाणी कधीमधी येतं. आलं की आम्ही हौद भरून घेतो आणि त्यात क्लोरीनचं औषध टाकतो. माझं पाणी मात्र माझी माय, आशाबाई, वेगळं उकळते. त्यासाठीच ती वैजापूरहून येऊन राहिली आहे.

"खळखळ उकळते बाई," माय ऐटीत म्हणाली. "लेकराच्या पाण्यात म्या कसूर करीन व्हय?"

माझ्या गोळीची वेळ झाली होती. मायनं पातेलं उतरवलं, पेला भरला आणि शेजारच्या बादलीतलं हौदाचं गार पाणी तांब्यानं त्यात ओतलं. अंघोळीच्या पाण्याला विसण घालावं, तसं.

"हे काय घातलंत?" मनस्विनीनं विचारलं.

"विसण. इतकं कढत कसं पेईल ती? अन् हौदात औषध टाकलेलंय की."

मनस्विनीनं पेला हळूच बाजूला ठेवला. "त्या औषधानं हा जंतू मरत नाही, आजी. उकळल्यानंच मरतो."

माय आधी हसली. मग तिला कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "म्याच किडनी दिली, अन् म्याच नासवाया निघाले."

त्यानंतर ती स्वयंपाकघरात जाईना. संध्याकाळी शिवमनं बंद बाटल्यांचा खोका आणला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या आईंना थोडे दिवस गावी जाऊ दे. त्यांच्या हातून परत काही झालं म्हंजे?" माय दारापाशी पिशवी भरत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं. कालपर्यंत मी गुन्हेगार होते, आज माय! नळाला रोज पाणी येत नाही म्हणून हौद भरून ठेवावा लागतो, त्याचं कुणाला काही नाही.

मी रात्रीच्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले.

"पाणी दे."

"बाटली हाय की तिथं."

"बाटलीतलं नको. तू उकळून दे. नाहीतर मी गोळ्या घेणार नाही."

"दीपे, आगावपणा करू नको. येळ चुकल ना."

"चुकू दे."

मोबाइलवर गोळीचा गजर वाजायला लागला. शिवम खोका उघडायला धावला.

"हात लावू नको त्याला," मी ओरडले. गजर वाजून वाजून थांबला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण मी हललेही नाही.

"लई वाईट खोड हाय तुझी," माय रडत म्हणाली आणि उठली. तिनं पातेलं ठेवलं. पाणी खळखळलं, तरी कितीतरी वेळ ती झाकण काढून बघतच राहिली. मग पेल्यात ओतलं. तिचा उजवा हात सवयीनं तांब्याकडं गेला आणि मधेच थांबला. तिनं दुसरा पेला घेतला, त्यातही उकळतं पाणी घालून तो विसळला आणि दोन पेल्यांत पाणी वरखाली करत बसली. बोटांवर सांडलं, पोळलं, पण ती थांबली नाही.

पेला मी तिच्या हातातून घेतला. पाणी अजून कढतच होतं. गोळ्या टाकल्या आणि घटाघटा प्याले. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

रिकामा पेला तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "अजून दे."