ई-क्लासवरचा गवताचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला लोखंडी पिंजरा आहे. नाव ऐकून मागे सरू नका. माझ्यात वाघ किंवा बिबट्या कधीच नव्हता. मी आयुष्यभर फक्त गवत कोंडलं.

माझा जन्म जानेफळला, धम्मरत्नच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, खालून मात्र उघडा. माझं माप लिहून देणाऱ्या प्रतिमाताई चराईच्या रानांवर संशोधन करत होत्या. त्यांनी मला जवळच्या एका गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे गुरांसाठी राखलेल्या सरकारी माळावर, रोवलं. शेजारी चार खुंट्या ठोकून तेवढाच एक उघडा चौकोन आखला. माझ्या पोटातलं गवत गुरांपासून वाचणार, खुंट्यांमधलं गुरं खाणार. दोन्हींत काय फरक पडतो, ते तीन पावसाळे मोजायचं होतं.

त्या माळावर अख्ख्या गावाची गुरं चारायचे पुंजाजी. त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"माय, या गवताले काऊन कोंडून राह्यली? त्यानं कोनाचं काय केलं?"

ताई हसून म्हणाल्या, "बाबा, याच्या आत एकाही जनावराचं तोंड लागता कामा नये. एवढं सांभाळाल?"

"हाव. माही जबान आहे."

आणि ती जबान त्यांनी पाळली. त्यांची कपिली नावाची गाय भारी लबाड. कळप पुढे गेला की ही मागे राहायची आणि माझ्या जाळीतून जीभ आत घालायची. पुंजाजी धावत येऊन तिला शिंगाला धरून ओढत. पुढच्या उन्हाळ्यात माळ उघडाबोडका झाला, तेव्हा माझ्या पोटात वाळकं का होईना, गवत उभं होतं, आणि कपिली नुसती जाळी चाटत होती. मला फार वाईट वाटायचं. पण पिंजऱ्याला स्वतःचं दार उघडता येत नाही, आणि मला तर दारच नव्हतं.

पुंजाजींची चारायची एक रीत होती. पोळ्यापर्यंत ओढ्याकडच्या अर्ध्या माळावर एकही जनावर जाऊ द्यायचं नाही. पोळा झाला की तो भाग मोकळा करायचा आणि दुसरा राखायचा. कुंपण नव्हतं. त्यांची काठी आणि त्यांची हाक, एवढ्यावर सारं चालत होतं. ताईंनी हे वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या पोटात कमरेइतकं गवत उभं राहिलं. ताई तेव्हा आपल्या गावी गेल्या होत्या. एक दिवस जीपमधून सरकारी कचेरीतले एक साहेब माळ पाहायला आले. पुंजाजींना कोण आनंद! त्यांनी साहेबांना हाताला धरूनच माझ्याजवळ आणलं.

"पाहा साहेब, एका जनावराचं तोंड लागू देलं नाही म्या."

साहेबांनी आधी मला पाहिलं, मग बाहेरचं खुरटं गवत पाहिलं. "म्हणजे गुरं बंद केली की असं गवत येतं तर."

"हो ना साहेब," पुंजाजी कौतुकाने म्हणाले.

साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. मी आणि माझ्या शेजारी हसणारे पुंजाजी. मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, की साहेब, अजून दोन पावसाळे थांबा!

कारण तिसऱ्या वर्षी माझ्या पोटात जुन्या काड्यांचा खच पडला. कोवळ्या फुटीला ऊन मिळेना. गुरांच्या आवडीची पवना, मारवेल ही गवतं गेली, उरलं नुसतं टोचणारं कुसळी गवत. आणि खुंट्यांमधलं, पुंजाजींच्या रीतीने गुरांनी खाल्लेलं गवत? ठेंगणं, पण दाट आणि रसदार. ताईंनी तीनतीनदा मोजलं आणि पळत पुंजाजींकडे गेल्या. "बाबा, तुमचीच रीत बरोबर आहे!"

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत आदेश लागला. अख्ख्या माळाला तारेचं कुंपण, गुरांना बंदी. सोबत फोटो होता, माझा आणि पुंजाजींचा.

ताई आपले कागद घेऊन चार वेळा कचेरीत गेल्या. "मॅडम, आदेश निघालाय. पुढच्या आराखड्यात बघू," एवढंच उत्तर मिळालं. गावातली गुरं एकेक करून बाजारात गेली. मला उपटून नेताना ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, हा पिंजरा मी आणायलाच नको होता."

"तुहं काय चुकलं, माय? साहेबाले हो तं मीच म्हनलो." मग ते म्हणाले, "हा पिंजरा राहू दे मले."

आता मी त्यांच्या गोठ्यात उलटा पडलो आहे. तळाशी पोतं अंथरून वच्छलाबाई, पुंजाजींच्या घरच्या, माझ्यात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकतात. गोठ्यात एकटी कपिली उरली आहे. समोर कुंपणाआड अख्खा माळ काड्यांखाली पिवळा पडतो आहे, तिसऱ्या वर्षी माझं पोट पिवळं पडलं होतं तसाच.

मित्रांनो, एखादी हिरवीगार जागा दाखवून कुणी तुम्हाला काही पटवू लागलं, तर तिथेच रोज वावरणाऱ्या माणसाला आधी विचारा, आणि त्याचं पुरतं बोलणं होऊ द्या. मला विचारायला कुणी आलं नाही.

आता मला जाळीआड काही लपवायचं नाही. मी पुरता उघडा आहे. कपिली रोज सकाळी कुटार बाजूला सारते आणि माझ्या तळापर्यंत तोंड घालून हिरवं गवत शोधते.